चांदोरीच्या नानांना, पर्यावरणशास्त्र विभागाकडून

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला फोनवर वाचून दाखवील, हे धरूनच लिहितेय. नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं नाना. गोदावरीकाठच्या चांदोरी-सायखेडा पट्ट्यात नानांना तोटा नाही, पण पाणवेलीतून (जलपर्णीतून) होडी काढून आमच्या पोरांना नदीवर नेणारे नाना कोणते, हे ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

यंदा विभागाचं खरोखर बरं चाललंय. एमएस्सीच्या एका मुलीला गोदावरीच्या पाण्यावरच्या पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं. एक मुलगा नेट पास झाला. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला आमची पोरं नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात होती, आणि वनखात्याच्या माणसांनी पुढच्या वर्षीही या म्हणून सांगितलं. प्राचार्यांनी सत्कार ठेवला, फोटोसकट बातमी आली. बातमीत प्राचार्य आहेत, मी आहे, शाली आणि हार आहेत. तुम्ही नाहीत. तुम्हाला त्याचं काही नाही हे मला माहीत आहे, पण मला आहे, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते.

पाण्याचे नमुने घ्यायची आमची एक वेळ ठरलेली असते. ती नदी ठरवत नाही, कॉलेजची गाडी ठरवते. ड्रायव्हर साडेनऊला येणार, पोरं दहाला बसणार, नाशिकहून चांदोरीला पोचेस्तोवर ऊन चढलेलं. बाटल्या भरायच्या, वहीत नोंदी करायच्या, झाडाखाली डबे खायचे आणि परत. बहुतेक कॉलेजांचं पाणी-परीक्षण हे असंच भर उजेडातलं असतं, आणि अहवालात नदी बऱ्यापैकी धडधाकट दिसते.

त्या दिवशी तुम्ही काठावर जाळं सांधत बसला होतात. आमची लगबग बराच वेळ पाहून झाल्यावर म्हणालात, "मॅडम, दुपारचं पाणी कशाला नेता? दुपारी सगळ्यांचंच बरं असतं. मासा पहाटं तोंड वर काढतो. तेव्हा या."

दिवसा पाण्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं. रात्री ते काम थांबतं, पण श्वास कुणाचाच थांबत नाही. शेवाळ, मासे आणि सांडपाण्यावर पोसलेले जिवाणू, सगळे मिळून साठा संपवत राहतात. म्हणून सूर्य उगवायच्या जरा आधी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. हे मी वर्गात फळ्यावर आलेख काढून शिकवते. परीक्षेतही विचारते. पण त्या आलेखाचा आणि गाडीच्या वेळेचा संबंध काठावरच्या माणसाने जोडून दिला.

आता पहाटे नदीवर हजर राहायचं तर मुक्काम आला, आणि मुक्काम म्हटलं की मुलींच्या घरून नकार आला. इथे खरे आभार तुमच्या घरच्या मावशींचे. त्यांनी फोन मागून घेतला आणि दोन्ही मुलींच्या आयांना सांगितलं, "पोरी माझ्यापाशी झोपतील, तुम्ही घोर लावून घेऊ नका." विभागाच्या लेटरहेडवरच्या विनंतीपत्राने जे झालं नव्हतं ते एका मिनिटात झालं. क्षेत्रकार्यात मुली का कमी दिसतात यावर आमच्याकडे चर्चासत्रं होतात. त्यांत एखाद्या मावशींना बोलवावं असं माझं स्पष्ट मत झालंय.

पहाटे तुम्ही होडीतून जे केलंत ते मुलं अजून एकमेकांना करून दाखवतात. ऑक्सिजन मोजायची बाटली ३०० मिलीची असते. ती भरताना आत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी आकडा बिघडतो. पोरांची निम्मी शक्ती त्या बुडबुड्यांशी भांडण्यात जायची. तुम्ही बाही वर सारलीत, बाटली आडवी धरून हळूच पाण्याखाली नेलीत, भरत आली तशी उभी केलीत आणि बूच पाण्यातच बसवलंत. बॅटरीच्या उजेडात उलटी करून पाहिली, आत एकही बुडबुडा नाही. "घागर बुडवायचीच रीत आहे," म्हणालात.

मग आम्ही त्यात मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचं द्रावण सोडलं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ खाली बसतो, नसेल तर पांढरा. वरच्या अंगाला, जिथे पाणी खडकांवरून खळाळतं, तिथली बाटली तपकिरी झाली. पाणवेलीच्या दाट थराखालची बाटली पांढरीच राहिली. पुढे आम्ल घालून, थायोसल्फेटचे थेंब मोजून नेमका आकडा काढायचा असतो, तो मुलांनी काढला. मासे आणि वन्यजीवांसाठी पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. पण त्या पांढऱ्या बाटलीकडे पाहून तुम्ही आकड्याची वाट पाहिलीच नाहीत. "इथून मासा माघारी फिरतो," एवढंच म्हणालात, आणि होडी वळवलीत.

पाणवेलीला शहराचं सांडपाणी म्हणजे आयतं खत. नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळालं की ती पसरतच जाते, खाली उजेड पोचू देत नाही, कुजली की उरलासुरला ऑक्सिजनही खाते. पुरात हीच वेल येऊन पुलाला अडकते तेव्हा तिची बातमी होते, एरवी नाही.

त्याच सकाळी तुमच्या जाळ्यात चिलापी आली. तुम्ही एका मादीचं तोंड अंगठ्याने उघडलंत आणि तळहातावर इवलीइवली पिल्लं सांडली. एक मुलगी किंचाळली, दुसरीने व्हिडिओ काढायला फोन बाहेर काढला, तोवर तुम्ही पिल्लं पाण्यात सोडूनही दिली होतीत. मोझांबिक चिलापी मूळची आफ्रिकेतली, आपल्या देशात १९५२ साली आणली. अंडी तोंडातच उबवायची, पिल्लं तोंडातच सांभाळायची आणि कमी ऑक्सिजनमध्ये तग धरायचा, एवढ्या शिदोरीवर तिने देशभरातली तळी आणि नद्या व्यापल्या. मरळ टिकते कारण ती वर येऊन हवेतून श्वास घेते. तुमच्या लहानपणी जाळ्यात काय काय यायचं ते तुम्ही एका दमात सांगितलंत, आणि मुलांनी ते लिहून घेतलं. त्या यादीचं मोल आमच्या उपकरणांपेक्षा जास्त आहे, कारण तेव्हाचं पाणी मोजायला आम्ही नव्हतो.

हेच पाणी खाली जाऊन नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात साठतं, जिथे गोदावरीला कादवा मिळते. २०१९ साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, त्यानंतर २०२० साली लोणार. १९८७ पासून दर जानेवारीला आशियाभर पाणपक्षी मोजतात, त्यातच आमची गणना. दुर्बिणीतून वारकरी, थापट्या असे पाणपक्षी मोजताना पोरं खूश होती. परतीच्या गाडीत एकाने विचारलं, "मॅडम, ते पांढऱ्या बाटलीचं पाणी इथेच येतं ना?" असा प्रश्न मी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात कुणाकडून काढून घेऊ शकले नव्हते.

पोस्टर स्पर्धेची गंमत राहिली. परीक्षकांनी मुलीला विचारलं, पहाटेची वेळ कशी सुचली? ती म्हणाली, "नानांनी सांगितली." त्यांनी गंभीरपणे विचारलं, "कोण नाना? कोणत्या विद्यापीठात असतात?" ती म्हणे, "चांदोरीला असतात."

यावरून माझं एक म्हणणं आहे, आणि ते आमच्याच लोकांनी ऐकावं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आई-वडील येतात, मार्गदर्शक येतात, प्रयोगशाळेतले दादा येतात, आणि शेवटच्या ओळीत 'स्थानिक ग्रामस्थ' येतात. तुमची जागा तिथे नाही. नमुने कधी आणि कुठून घ्यायचे हे ज्याने ठरवलं, तो माणूस कार्यपद्धतीच्या प्रकरणात यायला हवा. नदीवरच्या या कामाच्या प्रबंधात मी ते करून घेतलंय. 'नमुने घेण्याची वेळ व ठिकाणं नदीवर मासेमारी करणाऱ्या एका जाणकारांच्या सूचनेनुसार ठरवली' असं वाक्य त्यात आहे. नाव नको म्हणालात म्हणून नाव नाही, नाहीतर तेही घातलं असतं.

मानधनाचं काय झालं तेही सांगते, कारण तुम्ही विचारणार नाही. व्हाउचरवर 'होडी भाडे' लिहिलं तर पावती हवी, 'तज्ज्ञ मानधन' लिहिलं तर पॅन कार्ड आणि पदवीचा तपशील हवा. पदवीच्या रकान्यात काय लिहायचं यावर हिशोबाच्या टेबलाशी माझा बराच वाद झाला. तो अजून मिटलेला नाही. तोवर मुलांनी वर्गणी काढून होडीला नवी दोरी आणि बुडालेल्या बॅटरीच्या जागी नवी बॅटरी घेतलीय. ती मात्र घ्यायची, नाही म्हणायचं नाही.

आणि एक काम आहे. आपल्या देवळालीच्या नावाचा एक मासा आहे, बोटाएवढा. १९३८ साली होरा आणि मिश्रा यांनी तो दारणा नदीतल्या नमुन्यांवरून जगाला सांगितला, आणि आज तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. मागे तुम्हाला विचारलं तेव्हा म्हणालात, "एवढासा मासा जाळ्यातून निसटतो, तो कोण मोजतो? पण वाहतं पाणी, गोटे असतील तिथं बघा, वर इगतपुरीकडं." पाऊस ओसरला की आम्ही दारणेच्या वरच्या अंगाला जाणार आहोत, परवानगीचा अर्ज गेलाय. तिकडे होडी चालणार नाही, पण तुमची नजर लागेल. येत्या शनिवारी संध्याकाळी मुलं दोरी घेऊन घरी येतील, तेव्हा कुठल्या ओहोळापासून सुरुवात करायची ते त्यांना नकाशावर दाखवून ठेवा. मावशींना नमस्कार, आणि मुली यावेळी चार आहेत असा निरोप.

आपली,
विभागातल्या मॅडम