पुरवणीत तिचं कामही छापा

मा. संपादक, स. न. वि. वि.

महिला दिनाच्या पुरवणीतला परदेशात आयटीत काम करणाऱ्या मराठी बायकांवरचा लेख आईने सोलापूरहून फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला, खाली लिहिलं होतं "बघ, तुझ्यासारख्याच". दोनदा वाचला, आनंद झालाच, पण एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहितेय. सहाही जणींचं गाव आलंय, नवरा कुठे नोकरीला आहे ते आलंय, मुलं किती, गणपतीत मोदक घरी करतात का तेही आलंय, पण ती बाई रोज ऑफिसात जाऊन नेमकं काय बनवते हे एकीच्याही बाबतीत नाही. "मोठ्या कंपनीत उच्च पदावर" एवढंच.

मी २०११ ला लग्न होऊन न्यू जर्सीला आले, एच-४ व्हिसावर, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या बायकोला मिळतो तो. त्याआधी पुण्यात चार वर्षं बँकांच्या सॉफ्टवेअरवर काम केलं होतं. पण एच-४ वर तेव्हा नोकरी करायला बंदीच होती, सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, तोसुद्धा मिळत नव्हता, म्हणजे विजेचं बिलही नवऱ्याच्या नावावर आणि कुठल्याही फॉर्मवर व्यवसाय या रकान्यात होममेकर. नियम बदलला २६ मे २०१५ ला, नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाला असेल तर बायकोला वर्क परमिट मिळायला लागलं. आम्ही त्याच आठवड्यात अर्ज टाकला. मग इंटरव्ह्यू सुरू झाले आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच, ही मधली चार वर्षं काय केलंत? कायद्याने घरी बसवलं होतं हे समोरच्याला माहीतच नसायचं, आणि मी ते सांगायला लागले की आवाज आपोआप बारीक व्हायचा, जणू माझीच काही चूक आहे.

नोकरी लागली. पहिल्या वर्षाच्या शेवटी स्वतःच्या कामाचा आढावा लिहून द्यायचा असतो, मी मन लावून दोन पानं लिहिली. मॅनेजरने प्रिंट काढून त्यावर पेनाने गोल केले होते. प्रत्येक "आम्ही"भोवती एक गोल. आम्ही डिझाइन केलं, आम्ही टेस्ट केलं, आम्ही रात्री बसून दुरुस्त केलं. चौदा गोल. तो म्हणाला यातलं तुझं कुठलं? आणि खरं सांगायचं तर त्यातलं बारा ठिकाणचं माझं एकटीचं होतं. पण लहानपणापासून ऐकलेलं, मुलीच्या जातीने मी मी करू नये, चारचौघात आपलं कौतुक आपणच करू नये. ते अंगात इतकं मुरलेलं की हात "मी" हा शब्द लिहायलाच धजला नाही. त्या वर्षी बढती मिळाली नाही.

टीममध्ये अटलांटाची एक सीनियर कृष्णवर्णीय इंजिनिअर होती. एका मीटिंगमध्ये फेल झालेलं पेमेंट परत पाठवताना ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून काय करायचं ते मी सांगितलं, कोणी काही बोललं नाही. दहा मिनिटांनी तेच एका मुलाने सांगितलं आणि सगळे वा वा करायला लागले. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, हे हिने आत्ताच सांगितलं होतं, पुढचं तिलाच सांगू दे. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, यापुढे मीटिंगच्या आदल्या दिवशी कागद पाठवायचा आणि वर तुझं नाव घालायचं. मी तेव्हापासून हेच करते.

नासात कॅथरीन जॉन्सन नावाच्या कृष्णवर्णीय गणितज्ञ होत्या, त्यांनीही हेच केलं. जिथे बायका बसतच नव्हत्या त्या मीटिंगमध्ये बसायची मागणी त्यांनी लावून धरली. १९६० मध्ये उपग्रहाच्या कक्षेवरचा एक रिपोर्ट सहकाऱ्याच्या बरोबरीने त्यांच्या नावावर निघाला, त्यांच्या विभागात रिपोर्टवर लेखक म्हणून बाईचं नाव लागायची ती पहिलीच वेळ. म्हणजे हिशेब बायका आधीपासून करतच होत्या, नाव तेवढं लागत नव्हतं.

रंगाचंही सांगते. आमच्याकडे चेहरा ओळखून लॉगिन करायचा एक प्रोग्रॅम तपासायला आला, बाजूच्या गोऱ्या मुलाला एका सेकंदात घेतलं, मला घेईना. टेबललॅम्प तोंडावर धरला तेव्हा घेतलं. घरी सावळी म्हणून साय-हळद चोळून घेतलेली मी, तो लॅम्प धरताना घशात आवंढा आला. पण लगेच बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या दोषाची तक्रार, लिहिला, माझ्या नावाने, फोटोसकट. असा अनुभव फक्त माझा नाही, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात संशोधक जॉय बुओलाम्विनी यांनी टिम्निट गेब्रू या दुसऱ्या संशोधक बाईंसोबत २०१८ मध्ये तीन कंपन्यांचे प्रोग्रॅम तपासले, फोटोतली व्यक्ती बाई की पुरुष एवढंच ओळखायचं होतं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के आणि सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. ज्या फोटोंवर असे प्रोग्रॅम तेव्हा तपासत त्यातच गोरे चेहरे जास्त होते. तपासणाऱ्या टीममध्ये आमच्यासारखी कोणी बसलेली असेल तर हे पहिल्याच दिवशी कळतं. (आणि तुमच्या रविवारच्या "वधू पाहिजे"मधला "गोरी" हा शब्द आता छापणं बंद करा ही कळकळीची विनंती.)

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, इथे आम्हा सगळ्या जणींना एकाच नावाने वुमन ऑफ कलर, म्हणजे गोरी नसलेली बाई, म्हणतात तरी माझी आणि त्या अटलांटाच्या बाईंची वाट सारखी नाही. माझ्या मजल्यावर भारतीय ढिगाने आहेत, त्या पूर्ण मजल्यावर एकट्या होत्या. आणि आपल्यातही जेवणाच्या टेबलावर नवीन मुलीला आडनाव, गाव विचारून काय शोधतात ते सगळ्यांना माहीत आहे. सिअॅटलला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी झाली, तो ठराव मांडणाऱ्या तिथल्या तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या, तेव्हा हा आपलाही विषय आहे.

माझी भाची सोलापुरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिनेही तुमचा लेख वाचला. तिने मला फोनवर विचारलं, मावशी, त्या सगळ्या करतात काय गं? मला सांगता आलं नाही. त्या सहा जणींना परत एकदा विचारा आणि फोटोखाली छापा, हिने दवाखान्याची अमुक सिस्टिम लिहिली, हिने बँकेतली तमुक चोरी पकडणारा प्रोग्रॅम केला, जे असेल ते. नवऱ्याचं नाव नसलं तरी चालेल.

आपली एक वाचक,
मूळ सोलापूर, सध्या न्यू जर्सी