सिंधूचं सुवर्ण आणि २०१९ चा महापूर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट आला की सीमाभागात २०१९ च्या महापुराची आठवण निघते. निघायलाच हवी. पण त्याच महिन्यात, २५ तारखेला, पी. व्ही. सिंधू स्वित्झर्लंडमधल्या बासेलला बॅडमिंटनची विश्वविजेती झाली, हे इकडे कुणाच्या तोंडी येत नाही. या खेळावर जीव असलेल्या माझ्यासारख्याला याची फार हळहळ वाटते.

तो विजय साधासुधा नव्हता. २०१७ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जपानच्या नोझोमी ओकुहाराने तिला ११० मिनिटं झुंजवून हरवलं होतं, २०१८ मध्ये स्पेनच्या कॅरोलिना मारिनने. सिंधू फायनलला कच खाते, असं लोक उघड बोलत. बासेलला तैवानच्या ताई त्झू यिंगविरुद्ध पहिला गेम गमावूनही ती सावरली आणि अंतिम सामन्यात त्याच ओकुहाराला २१-७, २१-७ असं ३८ मिनिटांत गुंडाळलं. या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. त्याच आठवड्यात तिथेच आपली मानसी जोशी पॅरा बॅडमिंटनची विश्वविजेती झाली. एरवी निपाणीत पेढे वाटले असते.

त्या रविवारी आम्ही वेदगंगेकाठी बहिणीच्या घरातला गाळ खराट्याने ओढत होतो. यमगर्णीजवळचा महामार्ग सुरू झाला होता, पण शेतात कुजलेल्या उसाचा वास नाकातून जात नव्हता. भाची तालुक्याला खेळायची. तिची रॅकेट कपाटामागे सापडली, तारा सुटलेल्या, ग्रिप फुगून सोललेली. शटलच्या डब्यात गाळ घट्ट बसला होता. टीव्ही पाण्यात गेलेला. शेजारच्या मुलाच्या मोबाईलवर तिने शेवटचे काही गुण उभ्याउभ्या पाहिले, हातातली बादली खाली न ठेवता. टाळी कुणीच वाजवली नाही. गणपती आठ दिवसांवर आले होते आणि मूर्ती ठेवायला घरात कोरडा कोपरा नव्हता.

सरकारकडून तातडीचे १० हजार रुपये मिळाले, त्यात भांडी आणि अंथरूण-पांघरूण आलं. पंचनाम्यात घराची पडझड, पीक, जनावरं लिहितात. पोरांचं खेळाचं सामान कोण लिहिणार? आणि आईबापांनी तरी त्या वेळी रॅकेट मागायची कुठल्या तोंडाने? शाळेत गंजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांची छावणी, असल्याने सरावही बंद होता. भाचीने तेव्हा जो खेळ सोडला तो पुन्हा धरला नाही. भारताला बॅडमिंटनमधली पहिली विश्वविजेती मिळाली त्याच महिन्यात आमच्या घरातली एक खेळाडू गेली, हे मला आजही सहन होत नाही.

२०२१ ला पुन्हा पूर आला. तेव्हाही मंडळांनी धान्य, चादरी, वह्या मनापासून वाटल्या. यापुढे अशी वेळ आली आणि आपल्या वर्तमानपत्राने मदतीचं आवाहन केलं, तर त्या यादीत रॅकेट, बूट, चेंडू हेही छापावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)