अण्णांचा कान

विश्रामबाग, सांगली

प्रिय सुऱ्या,

दिवाळीपासून पत्र नाही, शिव्या मान्य. तब्येत ठीक.

परवा तासगावच्या बाजारात अण्णा भेटले. बेदाण्याच्या भावाबद्दल बोलताना सारखं उजव्या कानात बोट. दोन महिने दडा बसलाय, सर्दी नाही. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यामागे सुपारीएवढी गाठ. दुखत नाही म्हणून वहिनी हळदीचा लेप लावतायत. सांगलीची हळद झाली म्हणून काय सगळ्यालाच लावायची?

नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर एक पोकळी असते. कानाची नळी तिथेच उघडते. तिथे कर्करोगाची गाठ वाढली की नळीचं तोंड दाबतं आणि पडद्याआड पाणी साठतं. म्हणून मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी टिकून राहिलं तर नाकामागे बघितल्याशिवाय सोडायचं नाही. हा कर्करोग दक्षिण चीनमध्ये, आपल्या नागालँड-मणिपुरात जास्त. इकडे विरळा, त्यामुळे आठवत नाही कुणाला. मानेत गाठ म्हणजे टीबी, असं धरून चालतात. असेलही टीबी, देव करो. अण्णा म्हणतात, 'मी तंबाखूला शिवत नाही.' शाबास, पण या रोगाचा संबंध जास्त करून एका विषाणूशी आहे. तंबाखू न खाणाऱ्यालाही होतो.

तू फोनवर एवढं विचार: सकाळी खाकरल्यावर रक्ताची रेघ येते का, एकच नाकपुडी बंद राहते का, बाजूला बघताना दोन दिसतात का, गाल बधिर वाटतो का, तोंड कमी उघडतं का. सगळं नाही म्हणाले तरी तपासणी टळत नाही. बऱ्याच जणांत मानेतली गाठच पहिली दिसते.

दुर्बीण माझ्याकडेच आहे. नाकात बधिर करणारं औषध घालून पाच-दहा मिनिटांचं काम. मी या म्हटलं, तर म्हणे, 'फुकट बघशील, म्हणजे नीट बघणार नाहीस!' तुझाच भाऊ. सायकलच्या पंक्चरवरून तीन महिने अबोला धरणारं घराणं. नाहीतर मिरजेला ने, पण ने. गाठ आधी कापून काढू देऊ नकोस. आधी नाकामागे दुर्बीण, गाठीतून सुईने नमुना. दुर्बिणीत काही दिसलं नाही आणि कानातलं पाणी हटलं नाही, तर एमआरआय. कधीकधी नाकामागची गाठ अस्तराखाली लपते. निघालीच तर मुख्य उपचार रेडिएशन, आणि लवकर सापडली तर चांगली बरी होते.

बदलीचं काय झालं? पोरीचा निकाल कळव.

अण्णांच्या स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे ना? तपासणीसाठी तुकडा घेण्याआधी तिचं नाव डॉक्टरला सांगायचं, आपल्या मनाने बंद करायची नाही. जुने कागद बरोबर आण.

तुझा,
बंड्या