सतरा उद्दिष्टं तोंडपाठ, पण 21 दिवसांची मुदत माहीत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सामाजिक न्याय, कायदा आणि युनोनं ठरवलेली शाश्वत विकासाची उद्दिष्टं (भूक, पाणी, शहरं, हवामान अशा विषयांची) हे तिन्ही एकत्र जोडून शिकवायचे कोर्स आता विद्यापीठांतनं निघायला लागलेत. चांगली गोष्ट आहे. पण असा कोर्स सगळ्यात आधी कुठं पाहिजे असेल तर तो आमच्या बेळगाव भागात पाहिजे, आणि तो वर्गात बसून नाही तर शिवारात जाऊन शिकवायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून हे पत्र.

माझी पुतणी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. पर्यावरणाचा पेपर तिला कंपल्सरी होता. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं 1991 साली सांगितलं की पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजात शिकवलाच पाहिजे, त्यातनं पुढं हा पेपर आला. तिला युनोची 17 उद्दिष्टं आणि त्यांचे रंग पाठ आहेत, 169 टार्गेट, 2015 चा ठराव, 2030 ची मुदत, सगळं विचारा, धडाधडा सांगते. पण मागं आमच्या शेजाऱ्यांच्या जमिनीतनं रस्ता जाणार असं कळलं तेव्हा त्या घरात एक इंजिनिअर, एक बीकॉम आणि आमची ही अशी शिकलेली पोरं बसली होती, आणि राष्ट्रीय महामार्गाच्या 1956 च्या कायद्यात गॅझेटमध्ये नोटीस आल्यापासून फक्त 21 दिवसांत आक्षेप द्यावा लागतो हे एकालाही ठाऊक नव्हतं. ती नोटीस गॅझेटमध्ये येते, दोन पेपरात छापतात, घरी कोण येऊन सांगत नाही. सर्व्हे नंबरांच्या त्या लांबलचक यादीत आपला नंबर कुठं आहे हे शोधेपर्यंत मुदत उलटून गेली होती. पोरांना दोष देत नाही मी, त्यांना कुणी शिकवलंच नाही.

आता बळ्ळारी नाल्याचं बघा. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळच्या शेतकऱ्याला हे नाव सांगायची गरज नाही. जोराचा पाऊस झाला की नाला फुगतो, पाणी भातात शिरतं आणि दिवसच्या दिवस हलत नाही. पाणी उतरल्यावर बांधावर उभं राहून बघा, भाताची रोपं खाली झोपलेली, हाताला लावली की मुळापासनं सुटून येतात, बुडख्याला काळा चिखल, आणि मधेमधे अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या, सगळी शहरातली घाण. मग परत बी, परत खत, परत मजुरी, आणि भात गेलं की मागनं येणाऱ्या मसूर-वाटाण्याचंही गणित बिघडतं. ह्या एका नाल्यात भुकेचं उद्दिष्ट आहे, पाण्याचं आहे, शहराचं आहे, हवामानाचं आहे, आणि नाला नक्की कुणी साफ करायचा हे विचारायला गेलं की एक खातं दुसऱ्याकडं बोट दाखवतं म्हणजे सोळावं न्यायाचं उद्दिष्टही त्यातच आलं. एवढा मोठा धडा शहराला लागून पडलाय आणि आमची पोरं तो सोडून चार्टवरचे रंग पाठ करतात ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ह्यात एकटा कायद्याचा विद्यार्थी काही करू शकत नाही. पाण्यात काय मिसळलंय ते बीएस्सीवाल्यानं तपासायला पाहिजे, नाल्याचा उतार आणि रुंदी इंजिनिअरिंगवाल्यानं मोजायला पाहिजे, कुठल्या खात्याची जबाबदारी हे एलएलबीवाल्यानं माहिती अधिकारात अर्ज टाकून लेखी काढायला पाहिजे (दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन, एवढं सोपं हत्यार आहे हे), आणि समाजशास्त्राच्या पोरींनी त्या शेतात रोजानं भांगलणाऱ्या बायकांशी बोलायला पाहिजे. कारण पिकाची भरपाई मिळाली तरी ती उताऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळते, आणि तीसुद्धा 33 टक्के आणि त्याहून जास्त नुकसान असेल तरच. ज्या बाईची महिनाभराची मजुरी बुडाली तिचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. 2013 च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबात शेतमजूर आणि वाटेकरीही धरलेत, तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असेल तर. किती मजुरांना हे माहीत आहे? आणि मोफत वकील मिळायला बाईमाणसाला उत्पन्नाची अटच नाही, 1987 च्या कायद्यानं तो हक्क दिलाय, 15100 वर फोन करायचा, हे तरी गावात कोण सांगतं?

उसाचंही तेच. कारखान्यानं ऊस घेतल्यावर 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. उसाच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात हे शिकवलं जात नाही.

अडचण कुठं आहे ते पण सांगतो. आमच्याकडं शिक्षणाची कमी नाही. व्हीटीयूचं (इंजिनिअरिंगच्या राज्य विद्यापीठाचं) हेड ऑफिस मच्छेला, राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 पासून भुतरामहट्टीला, राजा लखमगौडा लॉ कॉलेज तर 1939 सालचं. पण लॉ कॉलेज हुबळीच्या कायदा विद्यापीठाखाली, इंजिनिअरिंग व्हीटीयूखाली आणि बीए-बीएस्सी चन्नम्माखाली. एकाच गावातली, एकाच बसनं येणारी तीन पोरं तीन वेगळ्या विद्यापीठांत, एकमेकांच्या वर्गात बसायची सोय नाही, एकत्र केलेल्या कामाचे मार्क कुणाला धरायचे ते ठरलेलं नाही. तिन्ही कुलगुरूंनी एकत्र बसून चार क्रेडिटचा एक कॉमन कोर्स ठरवला तर हे सुटतं. एका टीममध्ये तिन्हीकडची पोरं, टीमला एक गाव, दोन सेमिस्टर, आणि शेवटी परीक्षेऐवजी त्या गावच्या ग्रामसभेपुढं रिपोर्ट वाचायचा, गावकरी प्रश्न विचारतील त्याला उत्तर द्यायचं. गाववाले बरोबर ओळखतात कोण अभ्यास करून आलंय.

प्राध्यापक मंडळी म्हणतील सिलॅबस आधीच भरलेला आहे. पण बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत प्रॅक्टिकलचे क्लिनिकल पेपर आहेतच, पर्यावरणाचा कायदाही आहे, आणि डिग्रीला पर्यावरणाचा पेपर आहेच. नवीन ओझं घालायचं नाही, आहे तेच जोडायचं आहे. कर्नाटकात 2024 ला डिग्री परत तीन वर्षांची झाली, अभ्यासक्रम बदलायचं काम नाहीतरी करावंच लागलं, मग त्यात हेही घालायला काय हरकत आहे?

कोण म्हणेल कायदा, समाज आणि पर्यावरण यांचा एकमेकांशी काय संबंध. महाडच्या चवदार तळ्याचं उदाहरण घ्या. नगरपालिकेनं तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव होता, पण पाणी मिळत नव्हतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्याले, आणि मग दहा वर्षं कोर्टात भांडले, 1937 ला मुंबई हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्या वेळी बेळगावही मुंबई इलाख्यातच होतं. पाणी, माणुसकी आणि कायदा ह्या तिन्ही गोष्टी तिथं एकाच माणसानं एकत्र चालवल्या. युनोच्या ठरावाच्या कितीतरी आधी हे आपल्याकडं झालंय, कोर्सचा पहिला तास ह्याच्यावर घ्या.

एक मागणी भाषेची आहे आणि ती मी भांडणासाठी करत नाही. आमची पोरं कन्नड शिकतात, शिकायलाच पाहिजे. पण म्हाताऱ्या शेतकऱ्याला आणि बायाबापड्यांना नोटिशीतलं, जनसुनावणीतलं, रिपोर्टमधलं कळायचं तर मराठीतही सांगावं लागेल. 2020 ला पर्यावरण मंजुरीच्या नियमांचा नवा मसुदा आला तेव्हा दिल्ली हायकोर्टानं तो घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या भाषांत करा असं सांगितलं होतं, म्हणजे ज्याच्यावर परिणाम होणार त्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे हे कोर्टालाही पटलेलं आहे. तेव्हा ह्या कोर्सचे रिपोर्ट कन्नड आणि मराठी दोन्हीत लिहावेत. कन्नड आणि मराठी पोरं एका टीममध्ये असतील तर ते अवघड नाही, उलट एकमेकांची भाषा पण सुधारेल. खानापूरच्या जंगलातल्या गावांत, कणकुंबीला म्हादईचं पाणी वळवायचा कळसा-भांडुरा प्रकल्प आहे त्या भागात, तर हे पहिल्यांदा करायला पाहिजे, कारण तिथं पाण्याचा वाद तीन राज्यांचा आहे आणि तिथल्या माणसाचं म्हणणं कुणी लिहूनच घेतलेलं नाही.

आपण आपल्या पेपरातर्फे तिन्ही कुलगुरूंना आणि लॉ कॉलेजच्या प्राचार्यांना हे विचारावं आणि त्यांची उत्तरं छापावीत ही विनंती. पुढच्या जूनपासून एक टीम जरी सुरू झाली तर नाल्याकाठच्या आमच्या शिवारात त्यांना यायला, बसायला आणि मोजायला आम्ही शेतकरी सगळी मदत करू. चहा-भाकरीची सोय आमच्याकडं.

आपला,
एक शेतकरी वाचक
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव