तात्या, तुमच्यामुळे खिशाला परवडणारी सिंगल माल्ट व्हिस्की घेता आली

प्रिय तात्या,

सा. न. वि. वि.

लालबागच्या दारूच्या दुकानाचं काउंटर सोडून तुम्ही देवगडला राहायला गेलात. निरोपाच्या दिवशी आम्ही चौघं मित्र आलो होतो, पण शनिवारची गर्दी होती, तुम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती, आणि बोलायचं ते राहून गेलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही आम्हाला जे दिलंत ते आमच्यासारख्या पुष्कळांच्या कामी येईल. घराचा हप्ता, मुलांची फी, गावाकडचा खर्च भागवून वर्षातून मोजक्या वेळा चांगल्या बाटलीसाठी पैसे बाजूला काढणारी माणसं मुंबईत खूप आहेत. त्यांच्याशी दुकानदाराने कसं वागावं, हे मी तुमच्याकडे पाहिलं. तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती खर्चायचेत?" आणि एकदा आकडा ऐकला की त्याच्या वरची बाटली तुम्ही फळीवरून कधी खाली काढली नाहीत.

आम्ही पहिल्यांदा सिंगल माल्ट घ्यायला आलो तेव्हा तुम्ही तीन बाटल्या ओळीने मांडल्यात: ब्लॅक लेबल, मंकी शोल्डर आणि ग्लेनलिव्हेट १२. वरचं मोठं नाव, चित्र, सोनेरी नक्षी सगळं तळव्याने झाकलंत आणि अंगठा खालच्या बारीक अक्षरांवर टेकवलात. "ही ओळ वाच. बाटलीत काय हा ता हय लिवलेला असता." पहिलीवर ब्लेंडेड स्कॉच, म्हणजे माल्टच्या, मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या व्हिस्कीच्या, जोडीला इतर धान्याची व्हिस्की. दुसरीवर ब्लेंडेड माल्ट, म्हणजे सगळी माल्टच, पण वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांची. तिसरीवर सिंगल माल्ट: फक्त तशाच बार्लीची, एकाच डिस्टिलरीत, पॉट स्टिलमध्ये, म्हणजे तांब्याच्या हंड्यासारख्या भट्टीत काढलेली. एकाच डिस्टिलरीची असली तरी ती एकाच पिंपातली नसते, पुष्कळ पिंपं एकत्र करून तिची चव जुळवतात, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि लगेच म्हणालात की तिन्हींत कमअस्सल एकही नाही, फक्त आपण कशाचे पैसे मोजतोय ते आपल्याला ठाऊक हवं.

स्कॉचचा कायदा तुम्हाला तोंडपाठ होता. व्हिस्की स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली हवी, बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल हवं, आणि २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉच असेल तर बाटलीही स्कॉटलंडमध्येच भरलेली हवी. ही एवढी माहिती हाताशी असली की फळीवरच्या अर्ध्या बाटल्या आपोआप बाजूला होतात.

मग वयाचा आकडा. लेबलवर १२ लिहिलं असेल तर बाटलीतली सगळ्यात कोवळी व्हिस्की १२ वर्षांची, बाकीची तेवढी किंवा जास्त. वय वाढलं की किंमत का चढते, तेही तुम्ही समजावलंत: स्कॉटलंडच्या गोदामात पिंपातला सुमारे २ टक्के माल दरवर्षी हवेत उडून जातो, शिवाय जागा अडते आणि पैसा अडकून पडतो. १८ वर्षांच्या बाटलीत आपण त्या साऱ्याची किंमत भरतो. ती चांगली असतेच, पण १० किंवा १२ वर्षांची माल्ट स्वतःच्या पायावर उभी असते आणि बेतात राहून घ्यायचं तर पुष्कळशी मजा तिथेच आहे. हे तुमचं मत होतं, आता माझंही ठाम मत आहे.

वयापेक्षा तुम्ही टक्क्यांकडे जास्त बघायला लावलंत, आणि ही गोष्ट मला दुसऱ्या कोणी सांगितली नसती. ७५० मिलीच्या बाटलीत ४० टक्क्यांनी ३०० मिली अल्कोहोल, ४६ टक्क्यांनी ३४५. पाणी आपल्या नळाला येतं, ते बाटलीतून विकत कशाला घ्यायचं? शिवाय ४६ टक्के किंवा वर भरलेल्या व्हिस्कीला बहुतेक वेळा थंड करून गाळत नाहीत, त्यामुळे चवीला अंग राहतं. आर्डबेग १० तशी आहे. तिच्यात पाणी पडल्यावर ती किंचित धूसर होते, तो दोष नव्हे, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. टॅलिस्कर १० ही ४५.८ टक्क्यांची. दोन्ही बाटल्यांवर खर्च केलेला पैसा मला कधी जड वाटला नाही.

धुराच्या बाबतीत तर तुम्ही आमचे हजारो रुपये वाचवलेत. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या धुरकट माल्टची आम्हाला फार ओढ होती, तिथल्या लॅफ्रॉएगचं नाव कुठून तरी कानावर आलं होतं. तुम्ही बाटली काढलीच नाहीत. "आधी टीचर्सची क्वार्टर घेऊन जा," म्हणालात. टीचर्समध्ये आर्डमोर डिस्टिलरीची धुरकट माल्ट असते, ब्लॅक लेबलच्या धुरामागे आयलावरची कोल ईला असते. बार्ली सुकवताना खाली पीट, म्हणजे पाणथळ जमिनीतली कुजून दबलेली झाडपाल्याची माती, जाळतात आणि तो धूर दाण्यात उतरतो. तो आपल्या जिभेला मानवतो का, हे क्वार्टरच्या पैशात कळतं. चौघांपैकी तिघांना मानवला. चौथ्याला आजही नको असतो, आणि तो समाधानाने ग्लेनमोरांजी पितो. पुढे लॅफ्रॉएग उघडली तेव्हा आयोडिन, समुद्र आणि गावच्या ओल्या लाकडांच्या चुलीचा धूर एकदमच नाकात शिरला, आणि आम्ही त्याला तयार होतो.

तुमचा क्रम मी आता इतरांनाही सांगतो. आधी बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपातली सौम्य माल्ट, ग्लेनमोरांजी किंवा ग्लेनलिव्हेट: व्हॅनिला, मध, थोडं फळ. मग शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपाचा हात लागलेली, सुक्या मेव्याच्या अंगाने जाणारी. मग टॅलिस्कर, मिरीचा चटका आणि खारा वारा. आयला शेवटी. आणि कुठलीही अनोळखी बाटली घेण्याआधी एखाद्या बारमध्ये तिचे ३० मिली चाखून यायचं, किंवा ५० मिलीची छोटी बाटली मिळाली तर ती घ्यायची. बारमधला तो एक पेग महाग पडतो खरा, पण न आवडलेली अख्खी बाटली त्याहून कितीतरी महाग.

प्यायची कशी, हे तुम्ही काउंटरवर उभ्या उभ्या शिकवलंत, रिकामा हात ग्लाससारखा धरून. ग्लास तोंडाशी निमुळता हवा. स्कॉटलंडमध्ये २००१ साली खास व्हिस्कीसाठी ग्लेनकेर्न ग्लास निघाला, पण घरातला वाइनचा छोटा ग्लासही चालतो. कटिंगच्या ग्लासात वास पसरून जातो. नाक आत खुपसायचं नाही, ओठ किंचित उघडे ठेवून हनुवटीजवळून वास घ्यायचा, म्हणजे अल्कोहोल झोंबत नाही. पहिला घोट अगदी लहान, तो जिभेला सवय व्हावी म्हणून. खरी चव दुसऱ्यापासून. मग चमचाभर पाणी, थोडं थांबून पुन्हा वास. पाण्याने वास का खुलतो, यावर स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन शास्त्रज्ञांनी २०१७ साली संगणकावर काम केल्याचं मी पुढे वाचलं: व्हिस्कीला धुरकट चव देणारं ग्वायाकॉल पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे येतं, म्हणजे नाकाच्या जवळ. तात्या, तुमचा चमचा बरोबर होता.

बर्फाला तुम्ही कधी नावं ठेवली नाहीत. मे महिन्यातल्या मुंबईत एखादा खडा कोणी टाकला तर टाकू दे, वास थोडा दबेल इतकंच. चखण्याच्या बाबतीत मात्र कडक होतात. मसाला शेंगदाणे आणि चकली पहिल्या पेगनंतर, त्याआधी फार तर साधे भाजलेले चणे. आणि रात्रीचा ग्लास न धुता ठेवायचा, सकाळी हुंगायचा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि तळाशी सुकलेल्या थेंबात पिंपाचं लाकूड, गूळ, धूर सगळं सुटं सुटं कळतं. एक पैसा न घालता मिळणारा हा सगळ्यात चांगला धडा आहे. आमच्या घरी तो ग्लास सकाळी आधी बायको हुंगते आणि तिचं नाक माझ्यापेक्षा तल्लख आहे.

भिशीची कल्पना तुमचीच. चौघांनी दर महिन्याला पाचशे काढायचे, तीन महिन्यांत सहा हजार जमतात, त्यात बसेल ती बाटली, उरलेले पुढच्या खेपेला. पाच हजारांची बाटली धरली तर ३० मिलीचा पेग दोनशे रुपयांना पडतो. एकट्याने कोणालाच हे झेपलं नसतं, आणि एकट्याने पिण्यात आम्हाला रसही नाही. बाटली एका बैठकीत संपवायची नाही, हाही तुमचाच नियम. ती उभी ठेवतो, कारण आडवी ठेवली तर इतकं कडक अल्कोहोल बुचाला खातं. फ्रिजवर किंवा खिडकीत नाही, कपाटात, अंधारात. पाव बाटली उरली की छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवतो, म्हणजे हवेने चव उतरत नाही. ज्याच्या घरी बैठक, बाटली त्याच्या ताब्यात, आणि गाडी कोणीही आणायची नाही.

दारू पिण्याच्या परमिटसाठी तुम्ही आम्हाला सोडलं नाहीत, हे बरंच झालं. रोज पाच रुपयांचं फाडण्यापेक्षा हजार रुपयांचं आजीवन काढून मोकळे झालो. पंचविशीच्या आतल्या पोरांना तुम्ही परत पाठवताना मी पाहिलंय, ओळखीच्या घरातल्या पोरांनाही. २०२१ च्या नोव्हेंबरात राज्याने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं, तेव्हा नवीन भाव येईपर्यंत थांबायला सांगितलंत. त्या आठवड्यात तुमचा धंदा बुडला असणार. आता ब्रिटनशी झालेल्या करारात सीमाशुल्क १५० वरून ७५ आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. तुम्ही असतात तर फळीवरच्या कुठल्या बाटलीला त्याचा फायदा होणार, ते बोटावर मोजून दाखवलं असतंत.

एक गोष्ट मी आग्रहाने सगळ्यांना सांगतो. "ड्यूटी फ्रीचा माल आहे, अर्ध्या भावात" असं कुजबुजत कोणी आलं तर तुम्ही सांगायचात, त्या बाटलीत काय भरलंय ते भरणाऱ्यालाच माहीत. नामांकित स्कॉचच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यात हलकी दारू भरणाऱ्या टोळ्या मुंबईत पुन्हा पुन्हा पकडल्या गेल्या आहेत. म्हणून बाटलीवर आयातदाराचं नाव आणि एमआरपीची चिठ्ठी बघून घ्यायची, पावती मागायची. आणि रिकामी बाटली भंगारवाल्याला देताना लेबल खरवडून, बूच वेगळं करून द्यायची. माझ्या घरी हे काम आता मुलगा करतो, चमच्याच्या दांड्याने, फार मन लावून.

बंगळूरच्या अमृत या सिंगल माल्टबद्दलही तुमचे आभार. २००४ साली तिने थेट ग्लासगोत पाऊल ठेवलं, हे तुम्ही छाती फुगवून सांगायचात. आपल्या उन्हात पिंपातून वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त माल उडतो, पण मुरतेही झपाट्याने. ती स्कॉच नव्हे, तिला स्कॉच म्हणूही नये, पण त्याच पैशात तिच्या तोडीचं फार थोडं मिळतं.

दिवाळीनंतरची भिशी माझ्या घरी आहे. ग्लेनफिडिच १५ आणायची की पुन्हा टॅलिस्कर, यावर मतं दोन-दोन पडली आहेत आणि कोणी हटायला तयार नाही. तुमचं मत मोजायचं असं एकमताने ठरलंय. फोनवर सांगितलंत तरी चालेल, पण त्यापेक्षा याच. कणकवलीहून रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडलीत की सकाळी दादर, मी स्टेशनवर येतो. तुमचा हिस्सा धरलेला नाही, तुम्ही पाहुणे. काकूंनाही घेऊन या, बायकोने त्यांच्यासाठी घावन्यांचं पीठ दळून आणायचं ठरवलंय.

तुमचा कायमचा गिऱ्हाईक,
परळ