पोराला पुडी आणायला पाठवू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मी संभाजीनगरपासून तासाभराच्या अंतरावर एका तालुक्याच्या गावात राहते. हायस्कूलच्या समोरच माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, पण दिवाळीनंतर जे बघितलं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले.

आठवीतला एक मुलगा सोल्युशन न्यायला यायला लागला. सोल्युशन म्हणजे ते पंक्चर नाहीतर चपला चिकटवायचं पिवळट, छोट्या ट्यूबमध्ये येतं ते, पोरं प्रोजेक्टसाठी नेतात म्हणून मी ठेवायचे. आधी एक नेली, दोन दिवसांनी दोन, आणि मग एका शनिवारी एकदम चार. मी म्हटलं काय रे एवढं काय चिकटवतोस, तर म्हणाला काकू थर्माकोलचं घर करतोय. आता सोल्युशन लावलं की थर्माकोल विरघळतं, हे कुठल्याही स्टेशनरीवाल्याला माहीत असतं, मलाही माहीत होतं, पण समोर झेरॉक्सला आठ-दहा जण उभे होते, मी पैसे घेतले आणि चार ट्यूब दिल्या. ही माझी चूक आहे आणि ती मी मान्य करते.

त्याच आठवड्यात संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागून घरी जाताना तो दिसला. आणखी दोघं होते. कॅरीबॅगमध्ये सोल्युशन पिळलेलं, बॅगेचं तोंड नाकातोंडावर दाबून धरलेलं, आणि बॅग फुग्यासारखी फुगायची आणि बसायची, फुगायची आणि बसायची. मी ओरडले तसे दोघं पळाले, तिसऱ्याला उठताच येईना. त्याच्या नाकाखाली पिवळी पापडी धरली होती. तेरा-चौदा वर्षांचं पोर, गळ्यात शाळेचं आयकार्ड तसंच.

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी देशभर सर्वे केला होता, २०१९ साली त्याचा रिपोर्ट आला. दारू, गांजा, गोळ्या सगळं मोठ्यांमध्ये जास्त, फक्त हुंगायची नशा मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे, जवळपास दुप्पट. ह्या सोल्युशनमध्ये आणि रंगाच्या थिनरमध्ये टोल्युइन नावाचं रसायन असतं, ते फुप्फुसातून सरळ मेंदूत जातं, आणि पहिल्यांदाच हुंगणाऱ्याचं हृदयसुद्धा अचानक बंद पडू शकतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेले. आई पहिल्यांदा माझ्यावरच चिडली, तुम्हीच विकता आणि तुम्हीच सांगायला येता का म्हणाली. बरोबरच बोलली ती. मग रडली. वडील ट्रकवर असतात, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतात, ती स्वतः शेतात मजुरीला जाते, यायला सात वाजतात. आम्ही दोघी त्याला घेऊन जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो, तिथे मानसिक आजाराची ओपीडी असते, केसपेपर काढला की दाखवता येतं. तिथल्या मॅडमनी त्याला एकच विचारलं, पहिल्यांदा काय खाल्लं होतंस. तो म्हणाला पुडी. सहावीत असताना चुलता त्याला टपरीवर गुटख्याची पुडी आणायला पाठवायचा, उरलेले पैसे तुला म्हणायचा. वर्षभर आणल्यावर एक दिवस स्वतःच फोडली. मग एका लग्नाच्या वरातीत मोठ्या पोरांनी कोल्ड्रिंकच्या बाटलीतून बियर पाजली. सोल्युशन त्यानंतर.

मला जे सांगायचंय ते हेच आहे. आपण सगळे एमडी म्हणजे मेफेड्रोनची पावडर, बटन, कुत्ता गोळी म्हणजे नशेसाठी खातात त्या झोपेच्या गोळ्या, ह्या बातम्या वाचून घाबरतो, आणि घाबरायलाच पाहिजे, पण आपलं पोर त्या रस्त्याला लागतं ते आपण त्याच्या हातात पैसे देऊन कोपऱ्यापर्यंत पाठवतो तिथून. टपरीवाल्याची ओळख आपणच करून देतो.

आमच्या घरीही हेच चालू होतं. माझे सासरे माझ्या मुलाला तंबाखूची पुडी आणायला पाठवायचे, आणि घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलासुद्धा नाही, वडीलधाऱ्यांचं काम केलं म्हणून उलट कौतुकच. त्या दवाखान्यातून आल्यावर मी त्यांना म्हटलं, अप्पा, तुम्ही खा, तुम्हाला मी कोण सांगणार, पण नातवाला पाठवू नका. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काठी घेऊन स्वतः गेले. आता रोज स्वतःच जातात, आणि मला म्हणाले चालणं होतं तेवढंच.

कायदा नाही असं अजिबात नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या ७७ व्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलाला चाखायला लावणारा काका, वरातीत ग्लास पुढे करणारा मित्र, सगळे त्यात येतात, पण हे किती जणांना माहीत आहे? गुटखा तर राज्यात २०१२ पासून बंद आहे. बियर २१ वर्षांखाली आणि हार्ड दारू २५ वर्षांखाली विकता येत नाही. शाळेपासून शंभर यार्डात तंबाखू विकायची नाही, म्हणजे साधारण नव्वद मीटर, त्यासाठी शाळेबाहेर पिवळी रेषा मारायची असते. आमच्याकडे ती मारली होती, आता पुसट झालीय. मी शाळेच्या गेटपासून टपरीपर्यंत पावलं मोजली, बेचाळीस भरली. टपरीवाला काही वाईट माणूस नाहीये, त्याची स्वतःची मुलगी त्याच शाळेत आहे. मी त्याच्याशी बोलले तर म्हणाला ताई, पोरगं म्हणतं आजोबांना पाहिजे, मी कसं ओळखू. म्हणून म्हणते, मोठ्यांनी पाठवणं बंद केलं तर त्याच्याकडेही हे कारण राहणार नाही, टपरीवर आलेलं प्रत्येक पोर स्वतःसाठीच आलंय हे त्याला कळेल, आणि तरी दिलं तर मग कायद्याने काय व्हायचं ते होऊ दे.

मेडिकलवाल्यांनाही हात जोडून विनंती आहे, झोपेच्या त्या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरला लिहायचं असतं, ते लिहा.

२६ जूनला, अंमली पदार्थविरोधी दिनाला, शाळेची रॅली निघते, पोरं घोषणा देत जातात, पाहुणे येऊन भाषण करतात, भाषणात कॅन्सर झालेल्या तोंडाचे फोटो दाखवतात. ते वाईट नाही, पण वर्षातून एक दिवस होतं आणि सकाळी होतं. पोरं बिघडतात ती संध्याकाळी. शाळा पाच वाजता सुटते, ज्यांचे आईबाप सातला येतात त्या पोरांचे मधले दोन तास कुणाचेच नसतात. आमच्या गावाला मैदान आहे, चांगलं मोठं आहे, पण पाचनंतर गेटला कुलूप असतं, आणि लग्नसराईत तिथे मंडप असतो. वाचनालय आहे, ते सहाला बंद होतं. मग पोरं जाणार कुठे? टाकीमागे.

आइसलँड म्हणून एक छोटा देश आहे, त्याच्याबद्दल मुलाने मोबाईलवर दाखवलं. तिथे १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं महिन्यातून एकदा तरी दारू पिऊन टाइट झालेली असायची, २०१६ मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी नुसती भाषणं केली नाहीत, शाळेनंतरच्या वेळेत खेळ, गाणं, नाच ह्याची सोय केली, त्याला पैसे दिले, रात्री उशिरा मुलांना बाहेर फिरू द्यायचं नाही हे ठरवलं, आणि आईबापांनी आपसात ठरवून संध्याकाळी गल्लीत चकरा मारल्या. त्यांच्याकडे पैसा आहे हे मान्य, पण चकरा मारायला काय पैसा लागतो? आणि आपल्याकडे कबड्डीला काय लागतं, चुन्याच्या रेषा आणि एक शिट्टी. गणपती मंडळांची पोरं दहा दिवस रात्रीचा दिवस करतात, तीच पोरं आठवड्यातले तीन दिवस मैदानावर उभी राहिली तर आठवी-नववीची पोरं धावत येतील, कारण त्या वयात शिक्षकांपेक्षा गल्लीतल्या दादाचं जास्त ऐकतात. बिघडवतो तोही दादाच असतो.

आता आम्ही काय केलं ते सांगते. आमच्या ओळीतली पाच दुकानं आहेत, हार्डवेअर, सायकलवाला, दोन जनरल स्टोअर आणि मी. शाळेच्या पोराला सोल्युशन आणि थिनर द्यायचं नाही, खरंच पाहिजे असेल तर आईवडिलांपैकी कुणीतरी यावं, असं ठरवलंय. कायद्यात ह्याचं बंधन नाही, आम्हीच घातलंय. सायकलवाल्याने आधी नाही म्हटलं होतं, धंदा जातो म्हणाला, मग त्याला टाकीमागे नेऊन रिकाम्या ट्यूबा दाखवल्या, सत्तावीस होत्या. मैदानाच्या कुलपासाठी नगरपरिषदेला अर्ज दिलाय, पंचेचाळीस आयांच्या सह्या आहेत त्यावर, अजून उत्तर आलेलं नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांनी पिवळी रेषा परत मारून घेतो म्हटलंय.

तो मुलगा दवाखान्यात जातोय, मधे एकदा परत हुंगलं, आईने लपवलं नाही, मला येऊन सांगितलं. मॅडम म्हणाल्या असं होतं, रागावू नका, यायचं थांबवू नका.

साहेब, तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या तालुक्याच्या पानावर रोज कांद्याचे भाव छापता, ते आमच्याकडे घराघरात वाचतात, कापून भिंतीला लावतात. त्या चौकटीच्या खाली एक ओळ रोज छापता आली तर बघा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन, १४४४६, फोन फुकट आहे. त्या आईला त्या दिवशी कुणाला फोन करायचा ते माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

आपली,
एक वाचक, स्टेशनरीवाली काकू