संत्र्याचा ताण पानालाच विचारा

महोदय,

आंबिया बहर, म्हणजे हिवाळ्याअखेरची फुलं, यावीत म्हणून आम्ही डिसेंबरात संत्र्याचं पाणी तोडून झाडाला ताण देतो. ताण किती बसला, ते पान बघून ठरवतो. गेल्या हंगामात काटोलजवळच्या माझ्या बागेत पानं दुपारी वळायची, सकाळी पुन्हा टवटवीत. मी थांबलो, आणि धुऱ्याकडच्या मुरमाड पट्ट्यातल्या झाडांच्या फांद्या शेंड्याकडून वाळल्या.

डोळ्यांना दिसतं तोवर उशीर होतो. हरितद्रव्य शोषलेला सगळाच प्रकाश अन्न करण्यात वापरत नाही. बराचसा उष्णता होऊन जातो, अगदी थोडा लाल प्रकाश होऊन परततो. पानावर लेसर टाकला की ही लाली ६८५ आणि ७४० नॅनोमीटरच्या आसपास मोजता येते, तीही पानाला हात न लावता, दुरून. झाडाचं बिनसलं की ती बदलते, अनेकदा पान पिवळं पडण्याआधीच.

कारण मात्र एकट्या लालीवरून कळत नाही. पाण्याचा ताण की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग), हे आपल्याच बागांत पडताळावं लागेल. नागपुरात लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, सुदूर संवेदन केंद्रही आहे. दोघांनी मिळून येत्या डिसेंबरात ही लाली मोजणारं लेसर उपकरण शेतकऱ्याच्या बागेत आणावं. माझी बाग त्यासाठी खुली आहे.

– एक संत्रा बागायतदार, काटोल, जि. नागपूर